बिल अडकलं तरी रंधा चालू

(दृश्य: पुणे, भवानी पेठ. टिंबर मार्केटमधली सकाळ.)

टिंबर मार्केटमध्ये धंदा कसा काय, असं विचारलं तर "चाललंय" एवढंच उत्तर मिळतं. ते तेजीतही मिळतं आणि मंदीतही. त्यापेक्षा माल कसा बाहेर पडतोय ते बघावं. बरे दिवस असले की टेम्पो भरून चौकटींचं लाकूड जातं, प्लायच्या थप्प्या जातात. दिवस वाईट असले की एका दारापुरतं, पलंगाच्या एका फळीपुरतं लाकूड मागणारी माणसं येतात. पाच घनफुटांचा भाव विचारून दोन घनफूट घेतात.

सुताराचा छोटा कारखाना म्हणजे पत्र्याची शेड, एक कटर, एक रंधा मशीन आणि चार-सहा कारागीर. मंदी आली की इथलं काम लगेच थांबत नाही. हातात घेतलेल्या इमारतीच्या चौकटी तयार होत राहतात, फ्लश डोअरला सनमायका चिकटत राहतो. थांबतात ते पैसे. काम नसेल तर माणूस दुसरीकडे शोधतो. पण काम आहे आणि पैसे नाहीत, अशा वेळी तो आणखी माल उधारीवर उचलतो आणि आणखी खोलात जातो.

(दृश्य: अर्धवट उभी इमारत, सेंट्रिंगच्या फळ्या.)

पैशाची ही वाट समजून घेतली पाहिजे. फ्लॅट घेणारा हप्त्यांनी पैसे भरतो. बिल्डर बँकेकडून किंवा वित्त कंपनीकडून कर्ज उचलतो. तो ठेकेदाराचं रनिंग बिल, म्हणजे तोवर झालेल्या कामाचं बिल काढतो, ठेकेदार सुताराचं, फरशीवाल्याचं, प्लंबरचं. सुतार लाकूडवाल्याची उधारी फेडतो. वरून येणारा पैसा महिन्या-दोन महिन्यांनी येतो, त्यातूनही थोडी रक्कम काम पूर्ण होईपर्यंत कापून ठेवलेली असते. खाली कारागिराला मात्र दर आठवड्याला द्यावं लागतं. मधली फट सुताराने स्वतःच्या खिशातून बुजवायची.

८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री ५०० आणि १०००च्या नोटा रद्द झाल्या, तेव्हा ही फट सगळ्यांना एकदम दिसली. आठवड्याचा पगार रोख. मजूर अड्ड्यावरचा गवंडी रोख. आठ महिन्यांत, १ जुलै २०१७ ला जीएसटी आला. लाकडी फर्निचर आणि प्लाय सुरुवातीला २८ टक्क्यांत होतं, नोव्हेंबरात ते १८वर आलं. कर कमी झाला, पण बाजाराची रीत बदलली ती बदललीच. मोठ्या ठेकेदाराला पक्कं बिल हवं असतं, कारण भरलेला कर त्याला वळता करून घेता येतो. ज्याची नोंदणी नाही, त्या सुताराला तो म्हणतो, माल मी आणतो, तू मजुरीवर कर. स्वतः लाकूड निवडून, भाव काढून काम घेणारी माणसं अशी एकेक करून मजुरीवर आली. त्यात त्यांची नफ्याची बाजू गेली, पण उधारीचा धोकाही गेला. पुढच्या मंदीत यातले काही तरले, ते याच कारणाने.

ती पुढची मंदी सप्टेंबर २०१८ मध्ये मुंबईत सुरू झाली. आयएल अँड एफएस या मोठ्या वित्त कंपनीला कर्जाचे हप्ते फेडता आले नाहीत. तिच्यामागून वित्त कंपन्यांना पैसे देणारे सगळेच हात आखडते घेऊ लागले, आणि वित्त कंपन्यांनी बिल्डरांना पैसे देताना तेच केलं. हडपसर-वाघोलीकडच्या एखाद्या सुताराने हे नावही ऐकलेलं नसेल. त्याला एवढंच कळलं, की साइटवर गेलं की साहेब भेटत नाहीत. नोव्हेंबर २०१९ मध्ये केंद्र सरकारने रखडलेल्या घरांसाठी २५,००० कोटींचा निधी जाहीर केला, यावरून अडकलेल्या रकमेचा अंदाज यावा. अशा वेळी मोठ्या पुरवठादाराला बिलाच्या बदल्यात फ्लॅट घ्या असं सांगितलं जातं. सुताराचं बिल एका न्हाणीघराच्या किमतीचंही नसतं. त्याला काय देणार, दरवाजा?

(दृश्य: जुना वाडा पाडताना. तुळया खाली उतरवल्या जात आहेत.)

मग कारखाना चालतो कशावर? बराचसा जुन्यावर.

पुण्यातले वाडे पाडले जातात तेव्हा त्यातून निघणाऱ्या तुळया, खांब, कडीपाट हे सगळं विकलं जातं. अस्सल जुनं सागवान, पन्नास-शंभर वर्षं उन्हा-पावसाच्या फेऱ्यांतून गेलेलं. जेवढं आकसायचं, वाकायचं ते वाकून झालेलं. नव्या लाकडाची चौकट पावसाळ्यात फुगते, ही फारशी हलत नाही. शिवाय हा व्यवहार रोखीचा आणि छोटा असतो. एक तुळई घ्यायची, चिरून आणायची, त्यातून एका घराच्या खिडक्या निघतात. त्रास खिळ्यांचा. लाकडात खोल गेलेला जुना खिळा वरून दिसत नाही, आणि पट्टा करवतीखाली आला की पात्याचे दात जातात. म्हणून तुळई मशीनवर चढवण्याआधी एक माणूस तासन् तास हातोडी आणि पक्कड घेऊन बसतो. तेजीत एवढा वेळ कुणाकडे नसतो. मंदीत वेळच असतो.

दुरुस्तीची कामंही तशीच. वाळवी लागलेली चौकट, पावसात अडकणारं दार, सोसायटीच्या जिन्याचा कठडा. चांगले कारागीर एरवी या कामांना नाकं मुरडतात, आणि मला त्यात काही गैर वाटत नाही. दिवसभर खपून हाती येतं थोडं. पण गिऱ्हाईक समोर उभं असतं आणि काम झालं की पैसे देतं. अर्धा बयाणा आधीही देतं. दुरुस्तीत उधारीची साखळीच नसते.

गावगाड्यात सुताराचं उत्पन्न पिकाला बांधलेलं होतं. नांगर, मोट, बैलगाडी नीट ठेवायची आणि सुगीत खळ्यावर बलुतं घ्यायचं. पीक बुडालं की बलुतंही घटायचं, पण कुणबी आणि सुतार दोघांचंही एकदमच. त्या व्यवस्थेचे गोडवे गायचं कारण नाही, जात आणि पिढीजात बंधन तिच्या पोटातच होतं. मात्र धान्य दुसऱ्याच्या घरात पोहोचलंय आणि सुताराच्या हाती फक्त बिलाचा कागद आहे, असं खळ्यावर होत नसे.

(दृश्य: बंद शटर. २०२०.)

२५ मार्च २०२० ला टाळेबंदी लागली तेव्हा दुरुस्तीही बंद झाली, कारण कुणी कुणाला घरात घेत नव्हतं. १ मेपासून श्रमिक गाड्या सुरू झाल्या. राजस्थानचे सुतार, उत्तर प्रदेशातले पॉलिशवाले गावी गेले. ज्यांनी कारागिरांच्या जेवणाची आणि भाड्याची सोय शेडमध्येच केली, त्यांची माणसं राहिली, आणि शटर उघडलं तेव्हा काम घेण्याच्या स्थितीत तेच होते. पहिली मागणी आली टेबलांची. स्वयंपाकघरात लॅपटॉप घेऊन बसणाऱ्यांना घडीचं, भिंतीला लागणारं टेबल हवं होतं. सप्टेंबरात राज्याने मुद्रांक शुल्क ५ टक्क्यांवरून २ टक्क्यांवर आणलं, घरांची खरेदी वाढली, आणि लाकूडकामाला हालचाल आली. मग प्लाय, फेविकॉल, बिजागऱ्या सगळंच महागलं. जुन्या भावाने घेतलेली कामं तोट्यात गेली. तेव्हापासून बऱ्याच कोटेशनवर खाली एक ओळ असते: भाव १५ दिवसांपुरता.

सरकारी मदत आहे. २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत सुतार आणि गवंडी दोघेही आहेत, ५ टक्के व्याजाने आधी १ लाख, मग २ लाख. नवं मशीन घ्यायला ते उपयोगी पडतं. अडकलेल्या बिलावर त्याचा उतारा नाही. त्यासाठी २००६चा कायदा आहे: सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं देणं जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकतं करायचं, नाहीतर व्याज. पण त्यासाठी उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंद हवी, सही-शिक्क्याचं चलन हवं, आणि ज्याच्याकडून पुढचं काम मिळायचंय त्याच्याविरुद्ध तक्रार करायची तयारी हवी.

(दृश्य: शेडमध्ये भिंतीला टेकवून ठेवलेली दारं.)

सुतारांचा स्वतःचा उपाय साधा आहे. चौकटी बसवून द्यायच्या, कारण प्लास्टर त्यावाचून पुढे जात नाही. दारं मात्र शेडमध्येच ठेवायची. महारेरात, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाकडे, बिल्डरने ताब्याची तारीख लिहून दिलेली असते, आणि ती उलटली तर गिऱ्हाइकाला व्याज द्यावं लागतं. तारीख जवळ आली की फोन साइटवरून येतो, कारखान्यातून करावा लागत नाही. तोवर दारांवर पॉलिशचा शेवटचा हात द्यायचा बाकी ठेवलेला असतो. तो पैसे जमा झाल्यावर.