तलावपाळीचं कणीस आणि मेंदूतल्या उड्या

पावसाळ्यात ठाण्यात तलावपाळीला आलं की कणसाच्या गाडीपाशी पाय थांबतातच. निखाऱ्यावर दाणे तडतडतायत, मावशी लिंबाची फोड मीठ-तिखटात बुडवून कणसावर घासतायत, आणि आज त्यांच्या ढिगातून एक कणीस असं निघालं की त्यात चार-पाच दाणे जांभळे! मावशी म्हणाल्या, "गावठी हाय दादा, घ्या, चवीला भारी."

आपली गोष्ट अशाच रंगीत दाण्यांपासून सुरू होते. १९४० च्या दशकात न्यूयॉर्कजवळ कोल्ड स्प्रिंग हार्बरला बार्बरा मॅक्लिंटॉक नावाच्या शास्त्रज्ञ बाई मका लावायच्या आणि एकेक दाणा निरखून बघायच्या. फिकट दाण्यावर जांभळे ठिपके, एखादा मोठा, बाकी बारीक, असं का? तर डीएनएचा एक तुकडा रंगाच्या जीनमध्ये घुसून बसतो, रंग बंद पडतो, मग दाणा वाढता वाढता एखाद्या पेशीत तो तुकडा तिथून उडी मारून निघून जातो आणि त्या पेशीपासून पुढे झालेल्या सगळ्या पेशी परत जांभळ्या होतात, म्हणजे उडी लवकर पडली तर ठिपका मोठा, उशिरा पडली तर बारीक. किती सुंदर आहे हे! तेव्हा फार कोणी मनावर घेतलं नाही. नोबेल मिळालं १९८३ ला, बाई ८१ वर्षांच्या होत्या.

आता आपल्या पेशीत या. प्रोटीनची माहिती असलेला डीएनए जेमतेम दीड-दोन टक्के, आणि असले फिरते तुकडे आणि त्यांचे अवशेष मिळून जवळपास निम्मा. त्यातला एल-वन नावाचा एकटा प्रकारच १७ टक्के. हा जागा सोडत नाही, स्वतःची झेरॉक्स काढतो आणि ती दुसरीकडे नेऊन चिकटवतो. अशा पाचेक लाख कॉप्या, बहुतेक तुटक्या, शंभरेकच अजून चालू. वर्षानुवर्षं या सगळ्याला कचरा म्हणायचे, मला तो शब्द खरंच लागतो.

कारण बघा, २००८ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी दाखवलं की असाच एक जुना अवशेष उंदराच्या गर्भात, वाढत्या मेंदूच्या वरच्या थरात, स्विचसारखं काम करतो. त्याच्या आसपासचा जीन आहे सॅटबी-टू. मेंदूच्या डाव्या-उजव्या भागांना जोडणारा जाड पूल बांधायला हा जीन लागतो, आणि तो पूल कांगारूला नसतो, आपल्याला असतो.

आणि आर्क! हा माझा सगळ्यात आवडता जीन. आर्क नसलेला उंदीर आज शिकतो आणि उद्या विसरतो. २०१८ मध्ये कळलं की आर्कचं प्रोटीन व्हायरससारखं गोल कवच बनवतं, त्यात स्वतःचाच आरएनए, म्हणजे जीनची कामचलाऊ नक्कल, भरतं आणि एका न्यूरॉनकडून, म्हणजे मेंदूतल्या पेशीकडून, दुसऱ्याकडे पोचवतं. का, तर त्याचा पूर्वजच एक उड्या मारणारा तुकडा होता. माझी आई नौपाड्यातली, तिच्या वडिलांनी याच तलावावर तिला पहिलं कणीस घेऊन दिलं होतं, ते तिला आजही आठवतं. ती आठवण पक्की करायला हा जुना घुसखोर कामाला लागला होता, हे तिला सांगितलं तर ती बघतच राहिली.

आता परत ठिपके. २००५ मध्ये कॅलिफोर्नियात मेंदूचे शास्त्रज्ञ फ्रेड गेज यांच्या लॅबने उंदरांमध्ये माणसाचा एल-वन असा बसवला की तो उडी मारेल ती पेशी हिरवी चमकेल, आणि मेंदूत इथे एक तिथे एक न्यूरॉन हिरवे चमकले. मक्याचा दाणाच जणू! म्हणजे एकाच डोक्यातल्या दोन न्यूरॉन्सचा डीएनए अगदी सारखा असेलच असं नाही. माणसात हे किती होतं यावर मात्र जोरदार वाद आहे, कोणी म्हणतं दर न्यूरॉनमागे डझनभर उड्या, तर बोस्टनच्या गटाने एकेक न्यूरॉन वेगळा काढून मोजलं तर सरासरी एकाहून कमी निघाली, मला त्यांची मोजणी जास्त पटते.

२०१८ मध्येच गेज यांच्या लॅबमधून अजून एक गोष्ट आली. उंदराच्या काही आया पिल्लांना भरपूर चाटतात, जवळ घेतात, काही नाही घेत. ज्या पिल्लांना आईची माया कमी मिळाली, त्यांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे मेंदूच्या आठवणी सांभाळणाऱ्या भागात, एल-वनच्या कॉप्या जास्त निघाल्या.