भट्टी, भाडं आणि शनिवार-रविवार

(दृश्य: लांब टेबल. पांढरे मग, बशा, छोटे डायनोसॉर. ब्रश धरलेले लहान हात.)

मातीची भांडी गिऱ्हाइकानं येऊन रंगवायची, अशा स्टुडिओच्या धंद्यात या पांढऱ्या मगाला बिस्क म्हणतात. माती एकदा साधारण हजार अंश सेल्सिअसला भाजलेली असते, पण वर झिलई (ग्लेझ) नसते. त्यामुळे रंग टेकवला रे टेकवला की टिपकागदासारखा शोषला जातो. मूल हा मग रंगवतं आणि रिकाम्या हातांनी घरी जातं. मागाहून दुकानातली माणसं त्यावर पारदर्शक ग्लेझ चढवतात, भट्टीत पुन्हा भाजतात, आणि आठ-दहा दिवसांनी तोच मग चहा प्यायला तयार होतो.

नातवंडं, आईबाबा आणि आजी-आजोबा एका टेबलाशी दोन तास बसतील अशा जागा मुंबईत थोड्याच. म्हणून बीकेसी किंवा पवईतली नोकरी सोडून असा स्टुडिओ फ्रँचायझी घेऊन, म्हणजे एखाद्या ब्रँडला पैसे देऊन त्याच्या नावानं, उघडावा, हा विचार बऱ्याच जणांच्या मनात येतो. विचार वाईट नाही. पण डोळ्यांसमोर येतं ते दुकान रविवार संध्याकाळचं असतं. मंगळवारी दुपारी तीन वाजताचं दुकान आधी बघून यावं.

(दृश्य: रिकाम्या खुर्च्या. एक कर्मचारी ब्रश धुतोय.)

हिशेब मांडून बघू. आकडे उदाहरणादाखल आहेत. आपापल्या वस्तीचे घालायचे. कार्पेट 600 चौरस फूट. भाडं महिना 90 हजार. एक व्यवस्थापक, दोन मदतनीस आणि अर्धवेळ सफाई मिळून पगार 73 हजार. वीज 18 हजार. सोसायटीचा मेंटेनन्स, इंटरनेट, विमा, बिलिंगचं सॉफ्टवेअर 14 हजार. एकूण 1 लाख 95 हजार. गिऱ्हाईक येवो न येवो, हे जाणारच.

आता एका वस्तूचं बघा. मग रंगवायचे 900 रुपये घेतले, जीएसटी धरून. 18 टक्क्यांनी जीएसटी वजा केला की हातात 763 उरतात. बिस्क, रंग, ग्लेझ, पॅकिंग आणि फुटतुटीपोटी थोडं मिळून 280. ब्रँडला द्यायची रॉयल्टी 8 टक्के आणि जाहिरात निधी 2 टक्के, म्हणजे आणखी 76. उरले 407. एक लाख पंच्याण्णव हजारांना 407 नं भागलं की महिन्याला 480 वस्तू येतात. एवढ्या झाल्या तर फक्त खर्च भरून निघाला. मालकानं स्वतःसाठी 60 हजार काढायचे म्हटलं तर अजून 148. मिळून 628.

इथे एक चूक हमखास होते. चोवीस खुर्च्या म्हणजे चोवीस वस्तू, असं धरलं जातं. प्रत्यक्षात चौघांचं कुटुंब आलं की दोन किंवा तीनच वस्तू घेतं; बाबा फोटो काढत बसतात, आजी सल्ले देत बसते. खुर्ची भरते, बिल वाढत नाही. चोवीस खुर्च्यांवर एका फेरीत सोळा वस्तू धरा. शनिवार-रविवारी दिवसाला चार फेऱ्या, महिन्यात असे आठ दिवस: कमाल 512. तीन चतुर्थांश भरलं, तर 384. राहिलेल्या 244 वस्तू सोमवार ते शुक्रवारच्या बावीस दिवसांत काढायच्या, म्हणजे रोज अकरा. सोमवारी बंद ठेवलं तर अठराच दिवस उरतात आणि आकडा तेरा-चौदावर जातो.

पाहणाऱ्याकडून पैसे घ्यायचे का, हा प्रश्न म्हणूनच क्षुल्लक नाही. काही जागी बसण्याचं वेगळं शुल्क असतं, काही जागी ते वस्तूच्या किमतीत असतं. आमच्या मते पहिल्या मुलामागे एक पालक फुकट आणि पुढच्या प्रत्येकाला नाममात्र शुल्क, हे भांडण न होता निभावतं. पण दर ठरवायचा अधिकार करारात कोणाकडे आहे, ते आधी बघा.

(दृश्य: कराराची पानं उलटताना.)

आपल्याकडे फ्रँचायझीसाठी स्वतंत्र कायदा नाही. अमेरिकेत फ्रँचायझी विकणाऱ्याला सहीच्या किमान 14 दिवस आधी सगळी माहिती उघड करणारा दस्त द्यावा लागतो. भारतात असं बंधन नाही. मामला चालतो तो मुख्यतः 1872 च्या करार कायद्यावर आणि 1999 च्या ट्रेडमार्क कायद्यावर. म्हणजे जे मागाल तेच मिळेल. चालू शाखांची यादी सगळेच देतात. बंद पडलेल्या शाखांची मागा आणि त्यांतल्या दोघा-तिघांना फोन करा. ब्रँडचं नाव ट्रेडमार्कच्या सरकारी संकेतस्थळावर स्वतः शोधून बघा: नोंदणी झालीय की नुसता अर्ज पडून आहे? करमणूक आणि शिक्षणासाठी वर्ग 41 असतो.

रॉयल्टी कशावर, हा एक शब्दाचा खेळ महाग पडतो. जीएसटीसह 900 वर 8 टक्के म्हणजे 72 रुपये, जीएसटी वगळून 763 वर म्हणजे 61. फरक अकरा रुपयांचा. महिन्याला 480 वस्तूंवर तो सव्वापाच हजारांच्या पुढे जातो.

दुसरं कलम सक्तीच्या खरेदीचं. बिस्क आणि रंग ब्रँडकडूनच घ्या म्हणतात, आणि ते पटण्यासारखंही आहे. ग्लेझ आणि माती जुळली नाही तर मगाला बारीक तडे जातात. पण त्याच कलमात सगळं कोंबलेलं असतं. धारावीचा कुंभारवाडा हाकेच्या अंतरावर असताना दिवाळीच्या पणत्या दुसऱ्या राज्यातल्या गोदामातून कशाला मागवायच्या? पणती ॲक्रिलिकनं रंगवतात, भट्टी लागत नाही, मूल त्याच दिवशी घरी घेऊन जातं. गणपतीआधीच्या शाडूच्या कार्यशाळेचंही तसंच. सहा-सात इंचांच्या मूर्तीला साधारण दोन किलो शाडू पुरतो आणि मूर्ती भाजायची नसतेच. स्थानिक सणांच्या वस्तू सक्तीच्या खरेदीतून वगळल्या, हे वाक्य सहीच्या आधी घालून घ्या. सणाच्या तोंडावर ईमेल करून परवानगी मिळत नाही.

हद्द, म्हणजे ब्रँड जिथे दुसरी शाखा देणार नाही तो भाग, ठरवताना तीन किलोमीटरचं वर्तुळ काढून देतात. मुंबईत वर्तुळाला फारसा अर्थ नाही. पार्ले पूर्वेचं कुटुंब दोन लहान मुलांना घेऊन पूल ओलांडून पश्चिमेला सहसा जात नाही. हद्द पिनकोडनं आणि रेल्वेच्या बाजूनं लिहून घ्या.

मुदतही जुळवावी लागते. फ्रँचायझी पाच वर्षांची आणि दुकानाचा लिव्ह अँड लायसन्स तीन वर्षांचा, असं सर्रास होतं. चौथ्या वर्षी मालकानं भाडं दीडपट सांगितलं तर जाणार कुठे? रॉयल्टीचं बंधन तर चालूच. दोन्हींचा लॉक-इन (करार मोडता न येण्याचा काळ) एका कागदावर शेजारी-शेजारी लिहून बघा. लिव्ह अँड लायसन्सची नोंदणी महाराष्ट्रात सक्तीची आहे, आणि भाड्यावरचा जीएसटी हिशेबात धरायला विसरू नका. दलाल बिल्टअप सांगेल. टेप घेऊन कार्पेट मोजा.

(दृश्य: दुकानाच्या मागच्या खोलीत विजेची भट्टी. तारा, स्विच.)

जागा पसंत पडली की पहिला प्रश्न विजेचा. मध्यम आकाराची भट्टी साधारण 9 किलोवॅट घेते. सिंगल फेजवर ते जवळपास 39 अँपिअर होतात. थ्री फेजवर दर फेजला 12-13. त्यात एसी मिळवा. जुन्या इमारतीत दुकानाचा मंजूर भार बहुतेक वेळा याच्या निम्मासुद्धा नसतो. भार वाढवायचा तर इमारतीची मुख्य केबल तो पेलते का, हे आधी तपासतात. दादरला अर्ज बेस्टकडे जाईल, मुलुंडला महावितरणकडे, उपनगरांत बऱ्याच भागांत अदानी किंवा टाटाकडे. मालकाची आणि सोसायटीची लेखी संमती लागते. डिपॉझिट देण्याआधी ही संमती आणि भारवाढीची शक्यता पक्की करा. बेसिनच्या टाईल्स नंतर निवडता येतात.

भट्टी भिंतीपासून दीड फूट लांब हवी. तिच्या डोक्यावर पोटमाळा नको, शेजारी पुठ्ठ्याची खोकी नकोत. स्वतंत्र एमसीबी, वाफ आणि वास बाहेर काढणारा पंखा, आणि मुलांचा हात पोचणार नाही असं कुलूपबंद दार. मॉलमध्ये भट्टीला बहुधा नकार येतो. मग भाजायला दुसरीकडे न्यावं लागतं आणि न भाजलेला ग्लेझ टेम्पोतल्या धक्क्यांनी पावडर होऊन झडतो.

बेसिनखाली गाळ अडवणारा डबा बसवा. माती आणि ग्लेझ पाइपात सिमेंटसारखे बसतात आणि तुंबल्यावर तक्रार वरच्या मजल्यावरून येते. नामफलक मराठीत, देवनागरीत लागतो, आणि त्याची अक्षरं इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान चालत नाहीत. ब्रँडच्या नियमावलीत बोधचिन्ह फक्त इंग्रजीत असतं. देवनागरी बोधचिन्ह त्यांच्याकडून आधीच मंजूर करून घ्या, नाहीतर फलक दोनदा बनतो.

(दृश्य, जवळून: मगाच्या तळावर आकडा लिहिला जातोय.)

आता या तळाकडे बघा. इथे नंबर लिहिलाय तो अंडरग्लेझ पेन्सिलीनं, म्हणजे भट्टीतही टिकणाऱ्या रंगाच्या पेन्सिलीनं. साध्या पेन्सिलीनं किंवा मार्करनं लिहिला असता तर भट्टीत जळून गेला असता, आणि बाहेर आले असते चाळीस बिननावाचे मग. नंबर लिहायचा आणि सोबत प्रत्येक वस्तूचा फोटो काढायचा. काही फुटलंच तर काय रंगवलं होतं, हे तरी कळतं.

रंगाचे तीन हात. एक हात दिला तर भाजल्यावर ब्रशचे पट्टे दिसतात. उलट मुलांना रंगाचे गोळे थापायची हौस असते. जाड थरावर ग्लेझ चिकटत नाही, भट्टीत मागे सरकतो आणि तिथे खरखरीत डाग राहतो. चिप्स खाऊन तेलकट बोटांनी मग धरला तरी तेच. म्हणून खाण्याचं टेबल वेगळं ठेवा, यात गिऱ्हाइकाचा अपमान नाही. लहानांनी थापलेले रंगाचे गोळे मदतनीस ओल्या स्पंजनं हलके करतो, चित्र न बिघडवता. हे कौशल्य मुलाखतीत तपासता येतं: एक जाड रंगवलेली बशी समोर ठेवा.

ग्लेझमध्ये मग दोन-तीन सेकंद बुडवायचा, वाळू द्यायचा, मग तळ ओल्या स्पंजनं स्वच्छ पुसायचा. तळाला ग्लेझ राहिला तर तो वितळून मग शेल्फला कायमचा चिकटतो. शेल्फवर किल्न वॉशचा (ग्लेझ चिकटू न देणाऱ्या लेपाचा) थर याचसाठी. दोन वस्तूंत बोटभर अंतर हवं, कारण एकमेकांना टेकल्या की जुळ्या होतात. ग्लेझमध्ये शिसं आणि कॅडमियम नसल्याचा तपासणी अहवाल पुरवठादाराकडून घेऊन फायलीत ठेवा. पालक विचारतात, आणि विचारलंच पाहिजे.

पावसाळ्यात ग्लेझ वरून कोरडा दिसतो, आत ओल असते. तशीच भट्टी तापवली की वाफ होऊन ग्लेझ उडतो. जुलै-ऑगस्टमध्ये झाकण किंचित उघडं ठेवून तासभर शंभर अंशांच्या आतच धरायचं, मग पुढे न्यायचं. ग्लेझची भाजणी साधारण हजार अंशांवर, सात-आठ तास. थंड व्हायला त्याहून जास्त. घाईनं दीडशे अंशांवर झाकण उचललं तर टण्ण आवाज येतो आणि तडे दिसतात. भट्टीच्या पडद्यावरच्या आकड्यावर पूर्ण विश्वास नको; आत कोन (ठरावीक उष्णतेला वाकणारा मातीचा छोटा सुळका) ठेवा, तो वाकला की तापमान खरंच गाठलं. विजेचा दाब कमी असेल किंवा कॉइल, म्हणजे भट्टीतल्या तापणाऱ्या तारा, जुन्या झाल्या असतील, तर भट्टी वर चढायला रोज थोडा जास्त वेळ घेऊ लागते. वहीत वेळ लिहिली असेल तरच हे लक्षात येतं.

एका भाजणीत मिश्र आकाराच्या पंचेचाळीस वस्तू बसतात असं धरा. 628 वस्तूंना चौदा भाजण्या, म्हणजे दिवसाआड एक. त्यात एक कॉइल गेली आणि ती यायला आठवडा लागला, तर राखीच्या आदल्या दिवशी दुकानात काय होईल? जादा कॉइलचा संच पहिल्याच ऑर्डरमध्ये घ्या, आणि गिऱ्हाइकाला आठ दिवस नाही, दहा दिवस सांगा.

(दृश्य: भिंतीवरचं कॅलेंडर.)

राजीनामा कधी द्यायचा? मुलांच्या सुट्ट्या केंद्रीय बोर्डाच्या मार्च-एप्रिलपासून, राज्याच्या मेपासून. म्हणून दार मार्चअखेर उघडलं पाहिजे. नोटीस तीन महिन्यांची असेल तर राजीनामा डिसेंबरमध्ये, आणि जागेचा करार व वीजभाराची मंजुरी त्याच्याही आधी. नेमणूकपत्रात नोकरीत असताना दुसरा व्यवसाय न करण्याचं कलम बहुधा असतं. ते वाचून मगच फर्मची नोंदणी. नोकरीला पाच वर्षं व्हायला दोन-तीन महिने कमी असतील तर ग्रॅच्युइटीचा हिशेब आधी करा. कंपनीचा आरोग्यविमा नोकरीबरोबर संपतो, आणि नव्या पॉलिसीत जुन्या आजारांना प्रतीक्षाकाळ असतो. घरातल्या ज्येष्ठांची पॉलिसी वर्षभर आधीच काढलेली बरी. भांडवल कमी पडलं तर मुद्रा योजनेत नव्या व्यवसायाला 10 लाखांपर्यंत विनातारण कर्ज मिळू शकतं. बँकेला मात्र वरचाच हिशेब दाखवावा लागेल, मंगळवारांसकट.

मंगळवार भरतात ते शाळांच्या सहलींनी, भिशीच्या गटांनी, आणि जुन्या ऑफिसांतल्या टीम घेऊन येणाऱ्या एचआरमुळे. तिथे मात्र नोकरीतली ओळख थेट कामी येते. शनिवार-रविवार काउंटरवर मालक लागतो. घरच्यांचं लग्न, मुंज, सगळं त्याच दोन दिवसांत येतं, हेही आधीच घरी बोलून घ्यावं.

जूनमध्ये शाळा उघडतात, फिया-वह्या-दप्तरांत पैसा जातो, पाऊस सुरू होतो, आणि दुकान ऑगस्टपर्यंत ओढूनताणून चालतं. या तीन महिन्यांचा स्थिर खर्च, म्हणजे 5 लाख 85 हजार, वेगळ्या खात्यात ठेवायचा. इंटिरियरवाला बजेट संपल्यावर बोट दाखवतो ते याच खात्याकडे.