ठिपक्याला ठिपका

(दृश्य : अंधारी खोली. भिंतीवर एडिटिंग सॉफ्टवेअरचा पडदा, खालून कापलेला.)

भिंतीवर जे दिसतंय त्यात एक्सपोर्टचं बटण शोधा. नाही सापडणार. टाइमलाइनवरचे खालचे दोन साउंड ट्रॅकही दिसत नाहीत. थोड्या वेळापूर्वी लॅपटॉपवर हे सगळं जागच्या जागी होतं. त्यानंतर फक्त प्रोजेक्टरची केबल जोडली.

(माउसचा बाण पडद्याच्या तळाशी.)

बाण तळाशी जाऊन थांबतो. सॉफ्टवेअर खाली अजून बाकी आहे, पडदा मात्र संपलाय.

अशा वेळी आधी प्रोजेक्ट सेटिंग उघडलं जातं. सिक्वेन्सचं, म्हणजे टाइमलाइनवर जोडलेल्या फिल्मचं, माप बदललं जातं, घाईघाईत फिल्मची लहान प्रत काढली जाते. कृपा करून तसं करू नका. सिक्वेन्स १९२० × १०८० आहे, तो तसाच राहू द्या. फिल्ममध्ये काहीही बिघडलेलं नाही. बिघडलंय ते लॅपटॉप आणि प्रोजेक्टर यांच्यातलं बोलणं.

(केबलचं टोक, अगदी जवळून.)

केबल जोडली की प्रोजेक्टर कॉम्प्युटरला आधी आपली ओळख सांगतो. ही एक छोटी नोंद असते, मूळ भाग अवघ्या १२८ बाइटचा. तिला ईडीआयडी म्हणतात. मला कोणती मापं चालतात, त्यातलं कोणतं सगळ्यात चांगलं बसतं, हे त्यात लिहिलेलं असतं. व्हीजीएच्या या जुन्या केबलमध्ये पंधरा पिना असतात. चित्र वेगळ्या पिनांवरून जातं. ओळख येते ती बाराव्या आणि पंधराव्या पिनेवरून.

(वाकलेली पिन.)

ही बारावी. वाकलीये. म्हणून चित्र तर उमटलं, पण ओळख पोहोचलीच नाही. मग कॉम्प्युटर सगळ्यांना चालेल असं एखादं जुनं माप धरतो, बहुधा १०२४ × ७६८. एडिटिंग सॉफ्टवेअरच्या एवढ्या खिडक्या त्यात मावणार कशा?

(केबल बदलणारे हात. एचडीएमआय.)

केबल बदलली. आधी प्रोजेक्टर सुरू केला, तो पूर्ण जागा झाल्यावर लॅपटॉप जोडला. जुन्या यंत्रांच्या बाबतीत हा क्रम पाळलेला बरा.

(प्रोजेक्टरचा मेनू भिंतीवर. मग लॅपटॉपवर डिस्प्ले सेटिंग.)

आता विंडोजचं अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले उघडलंय. इथल्या दोन ओळी नीट पाहा. एक डेस्कटॉप मोडची, दुसरी अ‍ॅक्टिव्ह सिग्नल मोडची. या दोन ओळींतले आकडे वेगळे असतील तर वाटेतच कुणीतरी चित्र ताणतंय किंवा आवळतंय. प्रोजेक्टरच्या मेनूतही माहितीचं पान असतं. आपल्यापर्यंत कोणता सिग्नल पोहोचतोय, ते तो तिथे स्वतःच सांगतो. या दोन जागा पाहिल्या की अंदाज बांधत बसावं लागत नाही.

(प्रोजेक्टरच्या खोक्यावरचा मजकूर.)

खोक्यावर ठळक अक्षरांत १९२० × १२०० लिहिलंय. ते सपोर्टेड रिझोल्यूशन, म्हणजे एवढा सिग्नल हा प्रोजेक्टर आत घेऊ शकतो. नेटिव्ह रिझोल्यूशन बारीक अक्षरांत खाली आहे : १२८० × ८००. आतल्या, चित्र घडवणाऱ्या चिपवर ठिपके तेवढेच. एकही जास्त नाही. विकत घेताना, भाड्याने आणताना, कुणाकडे मागताना विचारायचा आकडा हा.

(भिंतीवर काळ्या-पांढऱ्या चौकटी. कॅमेरा सावकाश भिंतीजवळ जातो.)

हे चित्र आम्ही मुद्दाम बनवलं. बरोबर १२८० × ८०० चं. एक ठिपका काळा, एक पांढरा, पुन्हा काळा. लांबून सगळं एकसारखं करडं दिसतं. जवळ गेलात की प्रत्येक चौकोन सुटा. कॉम्प्युटरचा एक ठिपका, चिपवरचा एक ठिपका.

(थोडा वेळ निवेदन नाही.)

आता फक्त सिग्नल बदलू. १०२४ × ७६८.

(करड्या रंगावर पट्टे आणि लाटा उमटतात.)

लेन्सला कुणी हात लावलेला नाही, फोकस तोच आहे. या लाटा म्हणजे न जुळलेले ठिपके. फिल्म आधी कॉम्प्युटरने १०२४ × ५७६ मध्ये कोंबली, साधारण साडेतीन ठिपक्यांचा एक केला. मग ते उरलेलं प्रोजेक्टरने आपल्या चिपवर पुन्हा ताणलं. आधी आवळलं, मग ताणलं. अनुस्वार, रफार, नुक्ता हे सगळ्यात आधी जातात. मागच्या खेळाला याच कारणाने सबटायटल कुणाला वाचता आली नव्हती.

(पुन्हा १२८० × ८००. कीस्टोनचं बटण दाबणारं बोट.)

सिग्नल पुन्हा जुळला. आता कीस्टोन फक्त एक घर वाढवतोय.

(लाटा पुन्हा येतात, या वेळी तिरक्या.)

पाहिलंत? प्रोजेक्टर तिरपा ठेवला की भिंतीवरचा चौकोन फाकतो. कीस्टोन तो सरळ करतो, पण त्यासाठी चित्र चिपवरच दाबून लहान करतो. कडा सरळ होतात, आतला प्रत्येक ठिपका मात्र हलतो. म्हणून कीस्टोन शून्यावर ठेवायचा आणि प्रोजेक्टर हलवायचा.

(टेबल सरकवलं जातं. प्रोजेक्टरचा पुढचा पाय फिरवला जातो. चौकटी हळूहळू सरळ होतात.)

टेबल वीतभर डावीकडे. पुढचा पाय दोन फेरे खाली. आता थोडं मागे. लेन्स पडद्याच्या समोर आली की कडा आपोआप सरळ होतात. याला वीस मिनिटं लागली. एडिटर महिनोन्‌महिने एकेका फ्रेमवर बसतो. खेळाआधी त्याला प्रोजेक्टरजवळ एक तास मिळायलाच हवा.

(लॅपटॉप. विंडोज कळ आणि पी.)

आता एडिटिंगकडे. विंडोज कळ आणि पी एकत्र दाबली की पर्याय येतात. ड्युप्लिकेटमध्ये दोन्ही पडद्यांना एकच डेस्कटॉप वाटून घ्यावा लागतो, आणि लहान पडद्यापायी लॅपटॉपचंही माप बहुतेक वेळा खाली येतं. एक्स्टेंड निवडा. लॅपटॉप त्याच्या मापात, प्रोजेक्टर त्याच्या.

सॉफ्टवेअरच्या खिडक्या लॅपटॉपवरच राहू द्या. भिंतीवर फक्त चित्र पाठवायचं. प्रीमिअर प्रोमध्ये प्रेफरन्सेसमधल्या प्लेबॅकमध्ये मर्क्युरी ट्रान्समिट आहे, तिथे दुसरा पडदा निवडा. डाविंची रिझॉल्व्हमध्ये वर्कस्पेस मेनूत व्हिडिओ क्लीन फीड आहे.

(भिंतीवर पूर्ण फ्रेम. वर आणि खाली काळ्या पट्ट्या.)

या पट्ट्या पाहून घाबरू नका. १९२० × १०८० ची फिल्म इथे १२८० × ७२० मध्ये बसते. वर ४० ओळी आणि खाली ४० ओळी मोकळ्या राहतात. हिशोब बरोबर आहे. पट्ट्या घालवायला आस्पेक्ट, म्हणजे रुंदी-उंचीचं प्रमाण, बदलून चित्र ताणलंत, तर माणसांचे चेहरे लांबट होतील.

(स्केलिंगचा मेनू, १५० टक्के.)

लॅपटॉपवर अजूनही बटणं कापलेली दिसत असतील तर स्केलिंग, म्हणजे अक्षरं आणि बटणं किती मोठी दाखवायची ते, पाहा. १९२० × १०८० चा पडदा १५० टक्क्यांवर ठेवला की सॉफ्टवेअरला १२८० × ७२० एवढीच जागा उरते. १०० वर आणा. अक्षरं बारीक होतील, पण एक्सपोर्ट सापडेल.

(प्रीव्ह्यूखालचा छोटा मेनू.)

आणि हे सगळं जुळूनही भिंतीवर चित्र मऊ वाटलं, तर प्लेबॅक रिझोल्यूशन तपासा. कामाचा वेग टिकावा म्हणून ते अर्ध्यावर किंवा पावावर ठेवलेलं असतं, आणि तसंच राहून जातं. फुल करा. प्रॉक्सी, म्हणजे कामापुरत्या हलक्या प्रती, लावल्या असतील तर त्याही बंद करा. फिल्म सेकंदाला २५ फ्रेमची असेल आणि प्रोजेक्टर घेत असेल तर सिग्नल ५० हर्ट्झवर न्या. कडा कापल्या जात असतील तर मेनूतला ओव्हरस्कॅन शून्य करा.

(फिल्मची पहिली फ्रेम. मग सबटायटल. कॅमेरा अक्षरांजवळ जातो.)

सबटायटलचा टाइप आम्ही बदललेला नाही. तीच फाइल, तीच भिंत, तोच प्रोजेक्टर.

(अनुस्वारावर कॅमेरा थांबतो. खोलीतला दिवा मालवला जातो. बाहेरून माणसं आत येऊ लागतात.)