डॉक्टरांची मूठ आणि न्यायमूर्तींना अटक

ऑगस्ट १८३८. सेंट जॉन्स, न्यूफाउंडलंड. कॉड मासळीवर जगणारी ब्रिटिश वसाहत.

भर रस्त्यात डॉक्टर एडवर्ड कीली आमदार जॉन केंट यांच्यापुढे मूठ नाचवतात, वर चार शब्द सुनावतात. रुग्णालयाच्या कारभारावर केंट सभागृहात बोलले होते, त्याचा हा राग.

केंट तडक सभागृहात गेले. हा माझा नव्हे, सभागृहाचा अपमान! या विधानसभेला जेमतेम सहा वर्षं झाली होती. ऐट मात्र लंडनच्या हाउस ऑफ कॉमन्सची. मार्शलनी कीलींना धरून आणलं. माफी मागायची सोडून पठ्ठ्यानं तिथेही केंटना खोटारडा, भेकड म्हटलं. रवानगी तुरुंगात. अध्यक्ष होते विल्यम कार्सन. तेही डॉक्टरच, हे जाता जाता.

न्यायमूर्ती जॉर्ज लिली यांनी अटक बेकायदा ठरवली आणि कीली सुटले. सभागृहाचं डोकं फिरलं. अध्यक्षांचं वॉरंट निघालं ते थेट लिलींच्या नावानं! न्यायमूर्तींना रस्त्यातून धरून नेलं, कोर्टाचे हुकूम बजावणाऱ्या शेरीफलाही आत टाकलं.

गव्हर्नर कॅप्टन हेन्री प्रेस्कॉट आरमारातले. ते वाद घालत बसले नाहीत. अधिवेशनच संस्थगित केलं. अधिवेशन संपलं, की सभागृहाची कोठडीही संपते. न्यायमूर्ती घरी.

आमदारांचा संताप अगदीच पोकळ नव्हता. एकीकडे लोकांनी निवडलेली सभा, दुसरीकडे लंडनहून नेमलेला गव्हर्नर. आज हक्क सोडला, तर उद्या आपल्याला विचारणार कोण?

कीलींनी अध्यक्षांवरच दावा ठोकला. तिथल्या कोर्टात हरले, चारेक वर्षांनी लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलमध्ये, म्हणजे वसाहतींसाठीच्या सर्वोच्च अपील कोर्टात, जिंकले. निकाल असा: कामकाजात अडथळा आला तर जरूर दूर करा. पण सभागृहाबाहेरच्या अपमानासाठी तुरुंगात टाकायचा कॉमन्सचा अधिकार इंग्लंडच्या जुन्या रिवाजातून आला आहे, वसाहतीच्या सभेला तो आपोआप मिळत नाही.

मार्च १९६४. लखनौ. हक्कभंगासाठी उत्तर प्रदेश विधानसभेनं तुरुंगात धाडलेल्या केशवसिंग यांना हायकोर्टाच्या दोन न्यायमूर्तींनी जामीन दिला. विधानसभेचा हुकूम सुटला: त्या दोघांना ताब्यात घेऊन हजर करा! अलाहाबाद हायकोर्टाचे २८ न्यायमूर्ती एकत्र बसले आणि तो रोखून धरला. राष्ट्रपतींनी प्रश्न सर्वोच्च न्यायालयाकडे पाठवला. सरन्यायाधीश होते साताऱ्याचे प्र. बा. गजेंद्रगडकर. सात जणांच्या पीठाचं बहुमत पडलं: जामीन देणं हा सभागृहाचा अवमान नव्हे.

लिलींसारखं रस्त्यातून जायची वेळ या दोघांवर आली नाही.