परतीची भरती

(दापोलीच्या उन्हाळी व्याख्यानमालेत केलेलं भाषण, थोडं आवरून.)

मंडळी, सुरुवातीला एक प्रश्न. आज तिथी कोणती? ज्यांना येते त्यांनी हात वर करा. तीन हात. आज एकादशी असती तर साबुदाण्याच्या कृपेने सगळ्यांचे हात वर झाले असते! आज पंचमी. तिथीला पाऊणने गुणलं की पूर्ण भरतीची वेळ निघते; पाचाला पाऊणने गुणलं की पावणेचार. म्हणजे आपण इथे जमायच्या तासभर आधी हर्णै बंदरात पूर्ण भरती होती, पाच-पंचवीस मिनिटं इकडेतिकडे. माझ्या आजीला अक्षरओळख नव्हती, पण हा हिशेब ती झोपेतून उठवलं तरी सांगायची. तो हिशेब आज किती घरांत होतो हे मला माहीत आहे, आणि म्हणून मी इथे उभा आहे.

पत्रिकेत विषय छापलाय ‘हंगामाची अखेर, हवापाणी आणि मासेमारीचं नियोजन’. मला त्यातलं एकच सांगायचं आहे. मे महिना लागला की बंदरावर सगळे एकमेकांना विचारतात, ‘जायचं का?’ वारा कसा आहे, मासा कुठे आहे, डिझेल किती भरू. हे प्रश्न ऑक्टोबरात ठीक आहेत. मे महिन्यात पहिला प्रश्न ‘यायचं कधी?’ हा पाहिजे. कुठल्या तिथीला, कुठल्या भरतीला बोट खाडीत घ्यायची ते आधी ठरवा आणि तिथून मागे मोजत निघायचा दिवस काढा. हंगामाच्या शेवटच्या पंधरवड्याची फेरी शेवटाकडून आखायची असते.

कारण तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. हर्णैचा किनारा उघडा. सुवर्णदुर्गाचा आडोसा आहे, पण तो मोठ्या वाऱ्याला पुरत नाही. हवा फिरली की बोटी आंजर्ल्याच्या खाडीत न्यायच्या, नाहीतर दाभोळ, जयगड गाठायचं. आणि आंजर्ल्याच्या खाडीच्या तोंडाशी गाळ. ओहोटीला तिथे पोरं चिखल तुडवत खेकडे शोधतात. तिथून बोट आत घ्यायची तर भरतीच लागते.

मी नववीत होतो तेव्हाची गोष्ट. मे महिन्याची सुट्टी, म्हणून बाबांनी मला बोटीवर घेतलं होतं. चार दिवस झाले होते. जाळ्याची शेवटची ओढ बरी लागली होती. कोळंबी होती, म्हाकूल होतं, थोडं पापलेट. पहाटेपासून दक्षिणेकडे आभाळ काळं धरलं होतं, म्हणून बाबा हर्णैला न थांबता थेट आंजर्ल्याकडे निघाले. आम्ही खाडीसमोर पोचलो तेव्हा सकाळचे आठ-साडेआठ असतील. वारा नव्हता. मला तर समुद्र तेल ओतल्यासारखा गुळगुळीत दिसत होता. बाबांनी इंजिन मंद केलं आणि नांगर टाकायला सांगितला.

खलाशी वैतागले. समोर गाव दिसतंय, देवळाचा कळस दिसतोय, बर्फ पाणी व्हायला लागलाय. मे महिन्यात बर्फ किती टिकतो हे मी तुम्हाला काय सांगणार! घरी आई टोपली घेऊन लिलावासाठी तयार बसली असणार. बाबा काही बोलेनात. ते नाळीवर, बोटीच्या पुढच्या टोकावर, उकिडवे बसून किनाऱ्याकडच्या एका खडकाकडे बघत ओठांत आकडे मोजत होते. लाट खडकावर चढली की ‘एक’, आणि पुढची चढेपर्यंत सतरा-अठरा. परत एक. परत सतरा. मला म्हणाले, ‘तू मोज.’ मी मोजले. सतराच. ‘रोजची लाट सात-आठात येते,’ ते म्हणाले, ‘ही इथली नाही. लांबून आली आहे.’

तेवढ्यात आमच्या मागून आलेली एक बोट आम्हाला ओलांडून सरळ आत निघाली. त्यांच्या तांडेलाने, म्हणजे बोट चालवणाऱ्या प्रमुखाने, हात हलवला, आम्हीही हलवला. पाणी उतरत होतं. बोट गाळाच्या पट्ट्यावर पोचली, आणि जिथे मघापर्यंत काहीच नव्हतं तिथे पाण्याची भिंत उठली. एक गेली, दुसरी आली, दुसरीने मागचा भाग उचलला, नाळ गाळात रुतली आणि बोट आडवी झाली. सगळी माणसं वाचली. एका खलाशाचा हात कोपरातून मोडला. पण ती बोट पुन्हा समुद्रात गेली नाही, आणि त्या घरातला माझ्या वर्गातला मुलगा जूनमध्ये शाळेत आला नाही. हे मला आजही सांगताना जड जातं.

आम्ही दुपारपर्यंत नांगरावर थांबलो. अर्धं म्हाकूल टाकून द्यावं लागलं. पाणी पुरतं चढल्यावर बाबांनी पट्ट्याच्या बाहेर बोट धरून ठेवली. पाच-सहा मोठ्या लाटांचा जथा येतो आणि मग थोडी उसंत मिळते. ‘थांब, मोठ्या जाऊ देत.’ सहावी गेली तसं इंजिन पूर्ण ओढलं आणि आम्ही आत. दीड मिनिटाचं काम. त्या दीड मिनिटासाठी सहा-सात तास.

पुढे शिक्षक झाल्यावर मी याची कारणं शोधली, आणि बाबांचं मोजणं किती खरं होतं ते कळलं. आपल्या मे महिन्यात दक्षिण गोलार्धात हिवाळा जवळ येत असतो. तिकडे हिंदी महासागराच्या पार दक्षिणेला मोठी वादळं होतात. त्यांची लाट सहा-सात हजार किलोमीटर चालत आपल्याकडे येते. सतरा सेकंदांच्या लाटांचा जथा दिवसाला हजार-अकराशे किलोमीटर कापतो. म्हणजे आपल्या डोक्यावर निरभ्र आभाळ असताना आलेली लाट पाच-सहा दिवसांपूर्वीच्या वादळाची असते. केरळात तिला ‘कल्लक्कडल’ म्हणतात, चोर समुद्र. खोल पाण्यात तिची लांबी साडेचारशे मीटर, म्हणून बोट हळूच वर-खाली होते आणि कळतही नाही. तळ लागला की तीच लाट उभी राहते. त्यात ओहोटीचं पाणी खाडीतून समोरून आलं की ती आणखी ताठ होते. आणि सगळ्यांत लांब लाट सगळ्यांत आधी पोचते. मोजणी आठावरून एकदम सतरा-अठरावर गेली, तर मोठं पाणी अजून मागून यायचं आहे.

आता माझी तक्रार. मी गेली काही वर्षं एका कार्यालयाकडे एकच गोष्ट मागतो आहे. खाडीच्या तोंडाशी एक खांब रोवा, त्यावर पांढऱ्या-लाल पट्ट्यांनी फुटांच्या खुणा करा. बाहेर उभ्या असलेल्या तांडेलाला पट्ट्यावर किती पाणी आहे ते दुर्बिणीशिवाय दिसावं. तीन अर्ज दिले. तिन्ही वेळा ‘प्रस्ताव पुढे पाठवला आहे’ हेच उत्तर. इशारे येतात, येत नाहीत असं मी म्हणणार नाही. बंदरावर तीन नंबरचा धोक्याचा बावटा लागतो, मोबाइलवर संदेश येतो, ‘समुद्र खवळलेला राहील, मच्छिमारांनी जाऊ नये.’ जो गेलेलाच आहे त्याने आत कसं यायचं? त्याच्यासाठी तो खांब हवा आहे, आणि तो होईपर्यंत मी मागत राहणार.

२०२५ चा मे आठवा. पावसाळी मासेमारीबंदी १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत, ६१ दिवस, म्हणून सगळ्यांनी शेवटची फेरी ३१ मेला धरून आखलेली. नेपाळी खलाशांची परतीची तिकिटं महिनाअखेरची. अंगणात आगोटीसाठी, म्हणजे पावसाळ्याच्या साठवणीसाठी, बोंबील आणि जवळा वाळत घातलेला. आणि २४ मेला कमी दाबाचं तीव्र क्षेत्र रत्नागिरी आणि दापोलीच्या मध्येच किनाऱ्यावर आलं. त्याच दिवशी मोसमी पाऊस केरळात, २६ला मुंबईत. मुंबईची नेहमीची तारीख ११ जून! वाळत घातलेली मच्छी भिजून कुजली, घराघरांत वास. पण मला जे सांगायचं आहे ते वेगळं. धोका दिसायला लागला २०-२१ मेच्या सुमाराला, आणि २० मेला अष्टमी होती. अष्टमीला भांग, म्हणजे उधाणाच्या उलट, सगळ्यांत लहान भरती-ओहोटी. भांगाच्या भरतीला पाणी पुरतं चढतच नाही. ज्या दिवशी आत पळायचं त्याच दिवशी गाळावर सगळ्यांत कमी पाणी. ज्याने आधी पंचांग बघितलं असतं त्याने बोट अष्टमीच्या आधीच आत घेतली असती, नाहीतर सरळ जयगडचा रस्ता धरला असता.

चिठ्ठी आली आहे, दहा मिनिटं उरली. मुख्य भाग राहिला आहे, तेव्हा भराभर सांगतो.

निघायच्या आधी परतीची तिथी धरा. अष्टमीच्या आगेमागे दोन दिवस आत यायचा बेत नको. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला भरतीत पाणी भरपूर, पण ओहोटीची ओढही जबर, म्हणून चढत्या पाण्यातच आत या, उतरत्यात नाही. परतीच्या दिवसाआधी दोन दिवस हातचे राखायची गाठ बांधा. वाटेत मासा लागला तरी ती सोडू नका.

हैदराबादच्या इन्कॉइस या महासागर माहिती केंद्राचा समुद्राचा अंदाज रोज बघा. आपण फक्त लाटेची उंची वाचतो. त्यात लांब लाटेची उंची, दिशा आणि कालावधी, म्हणजे दोन लाटांमधले सेकंद, वेगळा दिलेला असतो. दीड मीटर आणि आठ सेकंद ही एक गोष्ट, दीड मीटर आणि सतरा सेकंद ही दुसरी. मासा कुठे मिळेल त्याचे नकाशे उपग्रहावरून, पाण्याचं तापमान आणि हरितद्रव्य बघून करतात. मेच्या अखेरीला ढग आले की त्यात खिंडारं पडतात, तेव्हा त्यांच्या भरवशावर लांब जाऊ नका.

वारा. सकाळचा मतलई, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे जाणारा, वारा पडला आणि पहाटेपासूनच नैर्ऋत्येचा लागला की हंगाम संपला, तारीख काहीही असो. पापलेटात, सुरमईत गाबोळी (अंडी) दिसायला लागली की तोही निरोपच आहे.

तिकिटं. खलाशांची तिकिटं २५ मेनंतरची काढू नका. माणसं घरी जायच्या घाईत असली की तांडेलावर दबाव येतो. आंजर्ल्याला आडवी झाली त्या बोटीच्या तांडेलावरही तो होताच. तिच्या खलाशांची गाडी दुसऱ्या दिवशी सकाळची होती.

आणि वही. प्रत्येक बोटीवर शंभर पानी वही. तारीख, तिथी, लाटांमधले सेकंद, खाडीवर किती पाणी मिळालं. चार रकाने. दहा बोटींनी तीन वर्षं लिहिलं तर त्या कार्यालयाच्या टेबलावर ठेवायला माझ्याकडे अर्जापेक्षा वजनदार काहीतरी असेल.

उद्या षष्ठी, साडेचारला पूर्ण भरती. मी तीन वाजता आंजर्ल्याच्या तोंडाशी असेन. वह्या पंचवीस आणल्या आहेत, त्या दाराजवळच्या टेबलावर आहेत. ज्यांच्या घरची बोट अजून बाहेर आहे त्यांनी पहिल्यांदा घ्या.