तुटक रेघ

[पेन्सिलीचं टोक, अगदी जवळून. पॉलिश पेपरवर घासल्याचा आवाज.]

इंजिनिअरिंग ड्रॉइंगचा तास. वस्तू कागदावर अशी काढायची, की ती न पाहिलेल्यालाही बनवता यावी. कागद अजून कोराच आहे. आधी टोक काढायचं.

शार्पनरचं टोक या कामाला पुरत नाही. पाच-सहा रेघा ओढल्या की ते बसतं, आणि पहिली रेघ बारीक, सातवी जाड असा प्रकार होतो. म्हणून ब्लेडनं लाकूड सोलायचं, शिसं आठ-दहा मिलिमीटर उघडं करायचं आणि समोरासमोरच्या दोन बाजू घासून त्याला पटाशीसारखी धार आणायची. ही धार पट्टीला लागून चालते आणि सावकाश झिजते. अक्षरांची आणि बाणांची पेन्सिल वेगळी. तिचं टोक गोल, निमुळतं.

टेबलावर तीन पेन्सिली दिसताहेत. २एच सगळ्यांत कठीण, कच्च्या आखणीला; एच पक्क्या रेघांना; एचबी सगळ्यांत मऊ, अक्षरांना. शिशात ग्रॅफाइटबरोबर चिकणमाती असते. माती जास्त तितकं शिसं कठीण आणि रेघ फिकी. हे मिश्रण भाजून शिसं करण्याची रीत फ्रान्समध्ये काँते नावाच्या संशोधकानं १७९५ साली काढली, आणि आजची पेन्सिलही त्याच रीतीवर चालते.

पेन्सिलींची अदलाबदल झाली की काय होतं, ते शेजारच्या बोर्डावर बघा. आखणी एचबीनं केली, त्यावरून गुण्या चार वेळा सरकला, कागद राखाडी झाला. उलट ४एच दाबून चालवली तर कागदावर चर पडतो. खोडरबरनं काळेपणा जातो, चर तसाच राहतो. नंतरची पेन्सिल बरोबर त्या चरात जाऊन बसते.

[ए३ कागद. टी-स्क्वेअर वर-खाली सरकतो.]

कागद बोर्डाच्या कडेशी जुळवायचा नसतो, टी-स्क्वेअरशी जुळवायचा असतो. टी-स्क्वेअर म्हणजे 'टी' आकाराची पट्टी, आखूड भाग डोकं, लांब भाग पातं. डोकं बोर्डाच्या डाव्या कडेला घट्ट धरायचं, पात्याच्या धारेवर कागदाची कड आणायची आणि मगच कोपऱ्यांना टेप लावायची. आडव्या रेघा पात्यावरून, डावीकडून उजवीकडे. उभ्या रेघेसाठी टी-स्क्वेअर खालच्या कडेला लावण्याचा मोह सगळ्यांना होतो. पण बोर्डाच्या दोन कडा एकमेकींशी काटकोनात असतीलच, याची खात्री कोण देणार? म्हणून एकच कड खरी मानायची. उभी रेघ पात्यावर बसवलेल्या गुण्यावरून, खालून वर.

आता गुण्या तरी खरा आहे का? हा मुलगा तेच बघतोय. उभी रेघ ओढली, गुण्या उलटा केला, त्याच बिंदूतून पुन्हा ओढली. दोन्ही एकावर एक पडल्या तर गुण्या खरा. वरच्या टोकाला फाकल्या तर जी फट दिसते, ती चुकीच्या दुप्पट असते. अर्ध्या मिनिटाचं काम, पण बहुतेक जण वर्ष संपेपर्यंत ते एकदाही करत नाहीत.

[कागदाच्या तुकड्यावर आकडेमोड करणारी मुलगी. शेजारी लाकडी ठोकळा.]

या मुलीनं अजून एकही रेघ ओढलेली नाही, आणि ते योग्यच आहे.

तिच्यासमोरचा ठोकळा इंग्रजी 'एल' अक्षरासारखा आहे. लांबी १००, उंची ७०, रुंदी ५०, सगळं मिलिमीटरमध्ये. तळाची पाटी २० जाड. डाव्या टोकाला उभी भिंत, तीही २० जाड. पाटीत २० व्यासाचं आरपार भोक, डाव्या कडेपासून ६० वर. रुंदीत मात्र ते मधोमध नाही, पुढच्या कडेपासून १५ वरच आहे. हे १५ लक्षात ठेवा.

ए३ कागद ४२० बाय २९७. डावीकडे फाइलसाठी २०, बाकी तीन बाजूंना १० सोडले की चौकट उरते ३९० बाय २७७. तिच्यात ठोकळ्याची समोरून, बाजूनं आणि वरून अशी तीन दृश्यं बसवायची. आडवी जागा लागते समोरून दिसणारी लांबी १००, बाजूनं दिसणारी रुंदी ५०, मध्ये ४०. एकूण १९०. उरले २००, दोन्हीकडे शंभर-शंभर. उभी जागा लागते उंची ७०, मध्ये ४० आणि वरून दिसणारी रुंदी ५०, म्हणजे १६०. उरले ११७, वरखाली साधारण अठ्ठावन्न. मधले ४० हौसेचे नाहीत. त्यात मापांच्या ओळी बसतात, पहिली आकृतीपासून १० वर, दुसरी त्यापुढे ८ वर.

हा हिशेब टाळून कोपऱ्यातून सुरुवात केली, की तिसरं दृश्य चौकटीवर येऊन आदळतं, नाहीतर उजव्या कोपऱ्यातल्या नावाच्या चौकोनावर चढतं.

[बिजागरीनं जोडलेले दोन पुठ्ठे. एक उभा, एक आडवा. कोपऱ्यात ठोकळा.]

आता ज्या कल्पनेवर हा सगळा विषय उभा आहे, ती बघू.

उभ्या पुठ्ठ्यावर ठोकळ्याची समोरून दिसणारी आकृती उमटवली, ते एलिव्हेशन. आडव्या पुठ्ठ्यावर वरून दिसणारी, तो प्लॅन. आडवा पुठ्ठा बिजागरीवर खाली पाडला की दोन्ही आकृत्या एका सपाटीत येतात, प्लॅन एलिव्हेशनच्या बरोबर खाली. बिजागरीची रेघ म्हणजे मुलं वहीत जिला 'एक्स-वाय' म्हणतात ती. ती पाठ करून घेतली जाते. असे पुठ्ठे हातात दिले तर पाठ करावी लागत नाही.

ही पद्धत शास्त्र म्हणून बांधली गास्पार मोंज या फ्रेंच माणसानं. १७६० च्या दशकात तो मेझिएरच्या लष्करी इंजिनिअरिंग शाळेत आराखडे काढायचं काम करत होता. किल्ल्याची तटबंदी अशी आखायची होती, की शत्रूच्या तोफेला आत कुठेच थेट मारा करता येऊ नये. रिवाजानं हे लांबलचक आकडेमोडीचं काम. मोंजनं ते कागदावर रेघा आखून सोडवलं, आणि इतक्या लवकर, की वरिष्ठ आधी तपासून बघायलाही तयार नव्हते. तपासल्यावर त्यांनी ती युक्ती लष्करी गुपित करून टाकली. उघडपणे ती शिकवता आली १७९५ मध्ये, पॅरिसमध्ये, आणि १७९९ मध्ये ती व्याख्यानं छापली गेली. एकेकाळचं लष्करी गुपित आज शाळेच्या तासाला पुठ्ठ्यावर उलगडतंय.

[बोर्ड, वरून. फिक्या रेघांचं जाळं.]

तिन्ही दृश्यं एकदमच वाढवायची. एक पुरं करून मग दुसरं, असं नाही. एलिव्हेशनवरून उभ्या फिक्या रेघा प्लॅनमध्ये उतरतात, आडव्या रेघा साइड व्ह्यूकडे, म्हणजे बाजूनं दिसणाऱ्या आकृतीकडे जातात. प्लॅनमधली रुंदी साइड व्ह्यूत न्यायला ४५ अंशांची एक तिरकी रेघ आहे. प्लॅनमधून आडवी जाणारी रेघ तिच्यावर आपटते आणि सरळ वर वळते. माप एकदाच घेतलं, पट्टी पुन्हा हातात घेतली नाही. प्रत्येक माप मागच्या मापाच्या टोकापासून मोजत गेलं आणि दर वेळी अर्धा मिलिमीटर सुटला, तर पाचव्या मापाला अडीच मिलिमीटर गेलेले असतात.

कंपासची सुई शिशापेक्षा मिलिमीटरभर पुढे ठेवायची. ती तेवढी कागदात रुतते आणि मग दोन्ही टोकं बरोबरीनं टेकतात. पक्कं करताना आधी वर्तुळं आणि कमानी, मग सरळ रेघा. सरळ रेघ सरकवून कमानीला जुळवता येते, कमान सरकवून रेघेला जुळवणं अवघड.

[साइड व्ह्यू. पेन्सिल थांबते.]

इथे ती मुलगी थांबली, कारण प्रश्नच तसा आहे.

डावीकडून बघितलं तर समोर उभी भिंत, ५० रुंद, ७० उंच, कोरा चौकोन. पाटी तिच्यामागे लपलेली. तरीही पाटीचा वरचा पृष्ठभाग २० उंचीवर आहेच, आणि तो सांगावा लागतो. त्यासाठी तुटक रेघ. साधारण तीन मिलिमीटर रेघ, एक मिलिमीटर फट, आणि तुकडे अंदाजे सारखे. भोकाच्या दोन कडाही तुटक, मधून त्याची मध्यरेषा, एक लांब तुकडा, एक आखूड. तुटक रेघ कोपऱ्यावर पोचताना तुकड्यानं पोचली पाहिजे. फट कोपऱ्यावर आली तर तिथे कोपरा आहे की नाही, हेच वाचणाऱ्याला कळत नाही. दोन रेघा एकाच जागी आल्या तर अखंड रेघ जिंकते, मग तुटक, शेवटी मध्यरेषा.

हाच ठोकळा उजवीकडून बघा. पाटी समोर, भिंत मागे. बाह्याकार तोच, पण २० उंचीवरची रेघ आता अखंड. कुठल्या बाजूनं बघितलं ते या एका रेघेवरून कळतं.

आणि बघितलेलं दृश्य मांडायचं कुठे? त्याच्या पद्धती दोन. फर्स्ट अँगलमध्ये प्लॅन खाली, डावीकडून दिसलेलं दृश्य उजवीकडे. थर्ड अँगलमध्ये प्लॅन वर, उजवीकडून दिसलेलं उजवीकडेच. भारतात आणि युरोपात पहिली पद्धत, अमेरिकेत आणि जपानमध्ये दुसरी. कोणती वापरली ते नावाच्या चौकोनातलं टोक कापलेल्या शंकूचं चिन्ह सांगतं. ते चिन्ह राहिलं आणि वाचणाऱ्यानं घाई केली, तर पुढच्या कडेजवळचं भोक मागच्या कडेजवळ पडतं. वस्तू आरशातली होते, आणि ती भंगारात जाते.

[रेघांची जाडी, जवळून.]

बाह्याकार ०.५ मिलिमीटर, तुटक रेघ, मध्यरेषा आणि मापाच्या रेघा ०.२५. जाड-बारीक हे दुप्पट-निम्म्याचं नातं डोळ्याला लगेच दिसतं. प्रमाणित जाड्यांची साखळी ०.२५, ०.३५, ०.५, ०.७ अशी चढते, दर पायरीला सुमारे १.४ पट. कागदांचंही तसंच. ए४ चा ए३ केला की लांबी-रुंदी तितक्याच पटीनं वाढते, आणि ०.३५ ची रेघ आपोआप ०.५ ची होते. कोणी तरी डोकं लावून बसवलंय हे.

[मापांचे बाण. पट्टीवर ३ मिलिमीटर.]

बाण ३ लांब, १ रुंद, भरीव, टोक रेघेला टेकलेलं. आकडा मिलिमीटरमध्ये, 'मिमी' लिहायचं नाही. व्यासाआधी व्यासाचं चिन्ह. तुटक रेघेला माप द्यायचं नाही. भोकाचा व्यास प्लॅनमध्ये, जिथे ते गोल दिसतं तिथे.

या ठोकळ्याला आठ मापं लागतात. शंभर, सत्तर, पन्नास; पाटीची जाडी, भिंतीची जाडी; भोकाचा व्यास आणि त्याची दोन अंतरं. हौसेनं नववं दिलं, म्हणजे भिंत सोडून उरलेले ८०, तर तेही चुकतं. उद्या भिंत २५ ची झाली आणि कोणी ८० बदलायला विसरलं, की कागद स्वतःशीच भांडायला लागतो.

[आयसोमेट्रिक. ३० अंशांच्या रेघा.]

तिरकं, एकदम तीन बाजू दाखवणारं हे चित्र मुलांचं लाडकं. केंब्रिज विद्यापीठातले प्राध्यापक विल्यम फॅरिश वर्गात यंत्रांची मॉडेलं जोडून दाखवायचे आणि नंतर सुटी करायचे. मदतनिसांना ती पुन्हा जोडता यावीत म्हणून चित्रं लागत. १८२२ मध्ये त्यांनी ही पद्धत मांडली. तीन दिशांच्या, म्हणजे उभ्या आणि दोन्हीकडच्या ३० अंशांच्या रेघा पूर्ण मापाच्या, बाकी तिरक्या रेघा मोजायच्या नाहीत, टोकं शोधून जोडायच्या. भोक इथे लंबगोल होतं. २० बाजूचा समभुज चौकोन काढायचा, दोन बोथट कोपऱ्यांतून समोरच्या बाजूंच्या मध्यांपर्यंत रेघा ओढायच्या. त्या जिथे छेदतात तिथून दोन लहान कमानी, बोथट कोपऱ्यांतून दोन मोठ्या. हातानं 'साधारण अंड्यासारखं' काढलेलं लगेच ओळखू येतं.

[संगणकाचा पडदा, थोडाच वेळ.]

१९६३ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रशिक्षण संस्थेत आयव्हन सदरलंड यांच्या स्केचपॅड या संगणक प्रोग्रॅमनं पडद्यावर रेघ काढून दाखवली. आता दुरुस्ती सोपी, प्रत हवी तितकी. पण कुठली रेघ तुटक हे ज्याला कळलेलं नाही, त्याची चुकीची रेघही पडदा तितकीच नीटस काढून देतो. मोठं-लहान करत राहिलं की माप किती हा अंदाजही सुटतो.

[दुसरी खोली. कागद, पुठ्ठा, कात्री. ठोकळा इथे नाही.]

या मुलानं मूळ वस्तू पाहिलेली नाही. त्याच्याकडे फक्त कागद. त्यावरून पुठ्ठ्याचा ठोकळा करायचा, विचारायचं काही नाही. आकृतीवर पट्टी लावून माप घ्यायलाही मनाई, कारण कागद दमटपणानं ताणतो आणि झेरॉक्समध्ये आकार बदलतो. लिहिलेला आकडा तेवढा खरा.

पाटी कापून झाली. भिंत चिकटली. भोकासाठी त्यानं डाव्या कडेपासून ६० मोजले. आता दुसरं अंतर. तो प्लॅन बघतो, साइड व्ह्यू बघतो, पुन्हा प्लॅन.

कागदावर सात आकडे आहेत.

[कागद परत येतो. प्लॅनमध्ये भोकाजवळ लाल गोल.]

ती टोक तपासते. पात्यावर गुण्या बसवते. खालच्या कडेपासून दोन बारीक रेघा, दोन बाण, मध्ये १५.