‘कधीकधी’ अडकणारा प्रिंटर

ठप्प झालेला प्रिंटर दुरुस्त करणं तसं सोपं. भाग बदलला, चालू झाला, निकाल तिथल्या तिथे. डोकेदुखी असते ती ‘कधीकधी’ अडकणाऱ्या प्रिंटरची. दुरुस्तीला माणूस आला की तो गुणी बाळासारखा वीस पानं छापून देतो आणि माणसाची पाठ फिरली की पुन्हा ‘पेपर जाम’. आज फक्त अशाच बिघाडांबद्दल बोलू, आणि तेही लेझर प्रिंटरपुरतं.

स्क्रूड्रायव्हर हातात घेण्याआधी प्रिंटरशेजारी एक वही ठेवा. दर वेळी पाच गोष्टी लिहायच्या: वेळ, ट्रे कोणता, छपाई एका बाजूने की दोन्ही, कुठल्या संगणकावरून, आणि पॅनेलवर आलेला कोड. बऱ्याच ऑफिस प्रिंटरांच्या मेनूतून ‘इव्हेंट लॉग’चं पानही छापता येतं. त्यात प्रत्येक चुकीचा कोड आणि त्या वेळचा पेज काउंट मिळतो. आठवडाभरात ‘कधीकधी’चं रूपांतर ‘साधारण पन्नास पानांत एकदा, तेही ट्रे दोनमधूनच’ असं होतं. इथे अर्धं काम झालेलं असतं.

मग संगणकाला बाजूला काढा. प्रिंटरच्या पॅनेलवरूनच कॉन्फिगरेशन पान (प्रिंटरच्या सेटिंगची यादी असलेलं) पुन्हा पुन्हा छापा. बिघाड तिथेही आला, तर ड्रायव्हर (प्रिंटर चालवणारं संगणकातलं सॉफ्टवेअर), नेटवर्क, स्पूलर (संगणकातली छपाईची रांग) सगळे निर्दोष.

कागद अडकत असेल तर तो नेमका कुठे थांबला ते बघितल्याशिवाय ओढून काढू नका. ट्रेमधून जेमतेम बाहेर आला असेल तर दोष कागद उचलणाऱ्या पिकअप रोलरचा किंवा एका वेळी एकच कागद पुढे जाऊ देणाऱ्या सेपरेशन पॅडचा. रोलरचं रबर गुळगुळीत, चकचकीत झालं की कागद घसरतो. ओलसर, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसल्यावर दोन-चारशे पानं नीट चालून पुन्हा तेच झालं, तर रोलर बदलायचाच. आणि रोलर बदलताना पॅडही बदला. फ्युजरच्या (टोनर तापवून कागदावर पक्का करणाऱ्या भागाच्या) तोंडाशी चुण्या पडून घडी झाली असेल, तर फ्युजर किंवा बाहेर काढणारे रोलर तपासा. मात्र फ्युजर सुमारे दोनशे अंशांपर्यंत तापतो. आधी प्रिंटर बंद करून त्याला थंड होऊ द्या.

पहिलं पान व्यवस्थित, आणि त्याच्या मागोमाग न मागितलेलं दुसरं पान घुसून जाम, हे लक्षण दिसलं तर रोलरवर पैसे घालवण्याआधी सोलेनॉइड बघा. पिकअप रोलरला एकच फेरा मारू देणारं हे छोटं विद्युतचुंबक. त्याचा आवाज होऊ नये म्हणून त्याने ओढल्या जाणाऱ्या पट्टीखाली फोमचा इवलासा तुकडा चिकटवलेला असतो. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने तो फोम विरघळून चिकट होतो, पट्टी क्षणभर उशिरा सुटते आणि रोलर जास्तीचा फेरा मारतो. मशीन तापल्यावर हा त्रास वाढतो, म्हणून सकाळी प्रिंटर शहाणा आणि दुपारी वेडा. चिकटा खरवडून, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून तिथे पातळ फेल्टचा तुकडा लावला की काम भागतं. निदान चुकल्यामुळे फुकट बदललेले रोलर या एका तुकड्यापायी किती असतील!

आत कागदच नाही आणि तरी जामचा संदेश? मग सेन्सर. कागदाने ढकलला जाणारा प्लॅस्टिकचा छोटा दांडा प्रकाशाची वाट अडवतो किंवा मोकळी करतो. त्या दांड्याची स्प्रिंग निसटलेली असते, किंवा मागच्या जामचा नखाएवढा कपटा तिथे बसलेला असतो. दांडा बोटाने हलवून सोडा; तो झटकन जागेवर आला पाहिजे.

दमट हवेत वाढणाऱ्या जामवर औषध साधं: रीम वापरायच्या वेळीच फोडा, उरलेला कागद वेष्टनात गुंडाळून ठेवा.

पानावर डाग किंवा रेघ ठरावीक अंतराने उमटत असेल तर मोजपट्टी घ्या. ते अंतर म्हणजे कुठल्यातरी रोलरचा परीघ; ३.१४ ने भागलं की व्यास मिळतो. ९४ मिलिमीटर आलं तर व्यास ३० मिलिमीटर, म्हणजे बहुधा ड्रम, ज्यावर पानाची प्रतिमा तयार होते. ३८ आलं तर १२ मिलिमीटरचा, बहुधा ड्रमला विद्युतभार देणारा चार्ज रोलर. मॉडेलप्रमाणे आकडे बदलतात. सर्व्हिस मॅन्युअलमध्ये त्यांचा तक्ता असतो.

आता ‘ऑफलाइन’. पॅनेलवरून छपाई उत्तम, संगणकावरून मात्र दर काही दिवसांनी प्रिंटर गायब. चालू असताना आणि गायब असताना, दोन्ही वेळी कॉन्फिगरेशन पान छापून आयपी ॲड्रेस (प्रिंटरचा नेटवर्कवरचा पत्ता) ताडून बघा. बदलला असेल तर राउटरमध्ये तो प्रिंटरसाठी राखून ठेवा. बदललेला नसेल तर प्रिंटर बंद करून त्याच ॲड्रेसला पिंग करा, म्हणजे संगणकावरून ‘कुणी आहे का’ अशी हाक द्या. उत्तर आलं, तर दुसरं कुणीतरी तोच ॲड्रेस घेऊन बसलंय. विंडोजमध्ये डब्ल्यूएसडी पोर्ट (प्रिंटर आपोआप शोधणारी जोडणी) लागलेला असेल तर त्याऐवजी स्टँडर्ड टीसीपी-आयपी पोर्ट (थेट ॲड्रेसवर जाणारी जोडणी) लावा. प्रिंटर जागा असून ऑफलाइन दिसत असेल, तर त्याच पोर्टच्या सेटिंगमधली ‘एसएनएमपी स्टेटस’ची (नेटवर्कवरून प्रिंटरची स्थिती विचारण्याची) खूण काढून बघा. ठरावीक एकाच पीडीएफवर अडत असेल तर ती इमेज म्हणून छापून बघा. बहुतेकदा दोष त्या फाइलमधल्या फॉन्टचा असतो.

एका वेळी एकच बदल करा. रोलर, ड्रायव्हर आणि केबल एकाच दुपारी बदलल्या तर कशाने बरं झालं ते कळत नाही. आणि ‘झालं’ म्हणायची घाई नको. बिघाड सरासरी पन्नास पानांत एकदा येत असेल, तर काहीही न दुरुस्त करता पुढची पन्नास पानं निर्विघ्न जाण्याची शक्यता ३६ टक्के असते. दीडशे पानं निर्विघ्न गेली, तर ती शक्यता पाच टक्क्यांवर येते. म्हणून वहीतल्या सरासरीच्या तिप्पट पानं, त्याच ट्रेमधून, त्याच पद्धतीने छापा. कव्हरचे स्क्रू त्यानंतर आवळा.